होकार देणारा अजगर

बुधवारी दुपारी प्रसित गुरूंच्या अंगणात चपला काढायलाही जागा नव्हती. चांदीच्या थाळीत पांढराशुभ्र अजगर वेटोळं घालून पडला होता. सापाला कान नसतात, पण गुरू त्याला उचलून भक्ताचा प्रश्न त्याच्या कानात सांगत. मग अजगराची मान वरखाली डुलू लागे.

"देव हो म्हणाले!" गुरू ओरडत, आणि सगळं रत्चबुरी गाव हात जोडी.

ओरथाईच्या वडिलांचा, सोमचितचा, नंबर आला. "डायलिसिस सोडलं तर चालेल का, देवा?"

मान डुलली.

"बघितलंस, पोरी? सुटलो!"

"बाबा, उद्या सकाळी सातला दवाखान्यात जायचंय."

"कुणाला? मला नाही. आज मासळीची खारट चटणी खाणार मी, पोटभर." वाटेत ते थबकले. "खरं सांग, तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस. तुला काय वाटतं?"

वर्षभरानंतर प्रथमच त्यांचा चेहरा उजळला होता. "तुमची मर्जी," ती म्हणाली.

नवव्या दिवशी ते गेले.

सोमचितचा धंदा अजगर पाळून विकण्याचा, आणि गुरूंचा तो अजगर त्यांच्याच पिंजऱ्यात जन्मलेला. पांढऱ्या पिल्लांवर गिऱ्हाईक तुटून पडे, म्हणून तीस वर्षं त्यांनी बापाशी लेक आणि भावाशी बहीण जोडली. रंग उजळत गेला, पण प्रत्येक वेतात तीनचार पिल्लं डुलक्या मानेची निघत. अशी पिल्लं सोमचित स्वतःच्या हातानं बाजूला काढत. त्यातलंच एक प्रसितनं नेलं होतं.

दहनानंतर सातव्या दिवशी ओरथाई दोन डबे घेऊन त्याच अंगणात गेली.

"ही तुमच्या देवाची सख्खी भावंडं." तिनं एकेकाला उचललं. दोघांच्या माना डुलू लागल्या. "एकाच रक्तात संबंध लावत गेलं, की आईकडचा आणि बापाकडचा दडलेला दोष पिल्लात एकत्र येतो. यांच्या मेंदूत तोलच नाही. उचललं, बिचकलं, की मान हलते. विचारा काहीही. काय रे, प्रसित लबाड आहे ना?"

मान डुलली. गर्दी खो खो हसली.

"बाई दुःखात आहे, तिला क्षमा करा," प्रसित गोड आवाजात म्हणाले.

हार विकणारी म्हातारी मात्र डब्यात डोकावत होती. "अगं, म्हणजे तुझ्या घरी आणखी दोन देव! एक देतेस का मला?"

मागच्यांनी रेटा दिला. पुढचा भक्त थाळीसमोर बसलासुद्धा. पिवळा पडलेला, सुजल्या पायांचा माणूस. प्रसितनं अजगर उचलला.

ओरथाई त्या माणसाशेजारी खाली बसली. "दादा, या जिवाला नाही म्हणताच येत नाही. त्याच्या होकाराला काय किंमत? दवाखान्यात जा."

त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याचे डोळे डुलणाऱ्या मानेवर होते.

"बाबांनी मला विचारलं होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. मी नाही म्हणाले नाही."

"देव हो म्हणाले!" प्रसित ओरडले.

"नाही," ओरथाई म्हणाली. "बाबा, नाही."