शिवणक्लासच्या बाई

"हॅलो, शिवणक्लासच्या बाई बोलतेय. सूनबाई आहेत का घरात?"

"ती अंघोळीला गेलीय. मी सासू. कुठला शिवणक्लास?"

आवाज असा खणखणीत की मी खुर्चीत सावरून बसले. म्हटलं, लहान बाळांचे कपडे शिकवतो आम्ही, गेल्या आठवड्यात सूनबाईंचं येणं चुकलं म्हणून फोन केला.

"असं का? काय काय शिकवलंत?"

"झबलं."

"मुंढा किती ठेवता झबल्याला?"

मुंढा! अहो, तुटलेलं बटण लावण्यापलीकडे माझी सुईशी ओळख नाही. पण आता माघार कशी घेणार? "ज्याच्या त्याच्या मापाने," मी ठोकून दिलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "बाई, मी तीस वर्षं मशीन चालवलंय. जन्माला न आलेल्या बाळाचं माप कुठून घेता तुम्ही?"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "सरकारी हॉस्पिटलात घेतो. गुरुवारी तिथेच क्लास असतो."

"गुरुवारी मीच येते तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "बघते तरी तुमचा क्लास." आणि फोन ठेवला.

मी शिवणक्लासची बाई नाही. सरकारी हॉस्पिटलच्या चौदा नंबरच्या खोलीत एचआयव्ही तपासणी केंद्र आहे, तिथे एकवीस वर्षं समुपदेशक आहे. तपासणीआधी माणसाला धीर द्यायचा, नंतर निकाल सांगायचा, औषधाच्या वाटेला लावायचं, हे माझं काम. आणि हे काम माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही, अशी माझी पक्की खात्री होती. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत.

तेव्हा चार देशांतल्या चार केंद्रांची जोडणी झाली. एकमेकांचं काम बघायचं, एकमेकांकडून शिकायचं, काम सुधारायचं. महिन्यातून एकदा सोमवारी आम्ही सगळे पडद्यावर भेटायचो, आणि तिथला नियम मोठा विचित्र होता. आपलं काय चांगलं चाललंय ते सांगायचंच नाही. आपली एक चूक सांगायची. पहिल्या महिन्यात माझी पाळी आली तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्याकडे तशी चूक काही नाही." चारही देश खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने हसली ती समुद्रापलीकडची एक गोल चेहऱ्याची नर्स. पुढे दोन महिन्यांनी तीच आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली. हॉस्पिटलभर तिचं नाव पाहुणी पडलं.

पाहुणी माझ्या खोलीत कोपऱ्यात बसून राहायची. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. दोघींचं मोडकंतोडकं इंग्रजी, त्यावर भागायचं. तिसऱ्या दिवशी तिने रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. पहिल्या चाचणीत खूण उमटली की पक्क्या निकालासाठी रक्त मोठ्या प्रयोगशाळेत जातं, चार दिवस लागतात. अशा शंभर माणसांपैकी चाळीस जण निकालाला परत येतच नव्हते.

"लोकच तसे," मी म्हटलं. "फोन नंबरसुद्धा खोटे देतात."

"फोन करतेस तेव्हा कोण बोलतेय म्हणून सांगतेस?"

"कोण म्हणजे? हॉस्पिटलमधून बोलतेय."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने मला तिच्याकडचा फॉर्म दाखवला. त्यात नंबराच्या खाली एक चौकट होती: मी फोन केला तर मी कोण? ते समोरच्या माणसाने ठरवायचं. कुणी सांगतं वाचनालयातून, कुणी सांगतं शाळेतली मैत्रीण. पाहुणी स्वतः एका आडदांड मेकॅनिकसाठी सहा वर्षं मांजरांची डॉक्टर होती.

"त्याच्याकडे मांजर होतं?"

"नंतर पाळावं लागलं बिचाऱ्याला," ती म्हणाली.

मी हसले, पण आतून चिडले होते. एकोणीस वर्षांनंतर आता मी सोंगं करायला शिकू? पण त्याच दुपारी ती पोरगी आली. वीस-बावीस वर्षांची, पाचवा महिना. पहिल्या चाचणीत खूण उमटली होती. मी विचारेन त्याला नुसती मान हलवत होती. तोंडाने एकच प्रश्न विचारला, "बाळाला होईल?"

"पक्का निकाल तसाच आला तरी लगेच औषध सुरू केलं, तर बाळ बहुतेक वेळा वाचतं," मी सांगितलं. "पण लगेच हं. एकेक दिवस मोलाचा."

टेबलाखालून पाहुणीने माझ्या पायाला पाय लावला. मी नाखुशीनेच विचारलं, "मी फोन केला तर कोण म्हणून करू?"

पोरगी विचारात पडली. आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. "शिवणक्लासच्या बाई म्हणून करा. मला जायचं होतं क्लासला. लग्न ठरलं आणि ते राहूनच गेलं."

चार दिवसांनी निकाल आला. एचआयव्ही होता. ती मात्र आली नाही. पाच दिवस झाले, सात झाले, मला जेवण गोड लागेना. म्हणून तो फोन केला, आणि पुढची फजिती तुम्ही ऐकलीच आहे.

फोन ठेवल्यावर पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. सासू येणार, क्लास नाही हे बघणार, पोरीला फरफटत घरी नेणार, आणि पोटातल्या बाळाचं औषध राहणार. मी पाहुणीला म्हटलं, "सगळं घालवलं मी. मी कोण ते विचारलं, पण फोन भलत्यानेच उचलला तर काय बोलू, ते विचारलंच नाही."

पाहुणी आधी पोट धरून हसली. मला तिचा इतका राग आला! मग डोळे पुसून म्हणाली, "हे आम्हालाही कधी सुचलं नव्हतं. आता तुला क्लास काढावाच लागेल. हॉस्पिटलात शिवणयंत्र आहे का?"

होतं की! धुलाईखोलीच्या शेजारी शिंपीकाका बसायचे. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं त्यांच्या हातचं. आम्ही दोघी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. का, कुणासाठी, हे सांगायची सोय नव्हती. एवढंच सांगितलं की गुरुवारपासून गरोदर बायकांना झबली शिकवायची.

"बाई, मी गेली वीस वर्षं सरळ टिपा मारतोय," काका घाबरून म्हणाले. "अभ्र्याला बाही नसते."

"म्हणून तर शिकायला मिळेल," मी म्हटलं.

मोठ्या डॉक्टरांना मात्र खरं कारण सांगावं लागलं, नाव न सांगता. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खोटा क्लास काढणार?"

"खरा काढते, सर."

"खरा असेल तर काढा. एक दिवसाचा नाही, दर गुरुवारी."

मी बाळंतपणाच्या वॉर्डात पाटी लावली. गुरुवारी चार बायका खरंच आल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दहा वाजता सासूबाई आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, पिशवीत स्वतःची कातर. मागे मान खाली घालून सून. सासूबाईंनी काकांच्या हातातलं कापड उचलून उजेडात धरलं.

"ही टीप आहे?"

"आहे," काका म्हणाले.

"उठा."

दहा मिनिटांत सासूबाई मशीनवर, काका सुईत दोरा ओवायला, आणि बायका भोवती गोळा. मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई, हे मलाही त्या दिवशी कळलं. तेवढ्यात पाहुणीने सुनेला हळूच बाहेर काढलं. चौदा नंबरची खोली तिथून तीन दारं सोडून.

मी बडबडी बाई, पण त्या दिवशी मोजकंच बोलले. निकाल सांगितला. ती म्हणाली, "त्या दिवशी घरी गेले आणि परत यायची हिंमतच झाली नाही. उशीर झाला का?"

"नाही झाला. आज सुरू करू. आत्ता."

डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्या मी स्वतः औषधांच्या खिडकीवरून आणल्या. पहिली गोळी तिने माझ्यासमोर घेतली. तोंड धुतलं तरी डोळे लालच होते. तशीच ती शिवणाच्या खोलीत परतली. सासूबाईंनी मान वर करून बघितलं.

"सुई टोचली वाटतं," त्या म्हणाल्या, आणि बाकावर सरकून तिला शेजारी जागा करून दिली.

पुढच्या सोमवारी पडद्यावर मी माझी चूक सांगितली. मुंढ्यासकट. सगळे इतके हसले की एका देशाच्या खुर्चीतला माणूस दिसेनासाच झाला. पण महिन्याभरात चारही देशांच्या फॉर्मवर नवी चौकट आली: दुसऱ्याने फोन उचलला तर काय बोलायचं? परतलेल्या पाहुणीने तिकडे वाचनालय म्हणून खरंच पुस्तकांचं एक कपाट मांडलं. आमच्याकडे आता शंभरातले नव्वद जण निकालाला येतात. मी कुणाची विमा एजंट आहे, कुणाची चुलतबहीण, एकाची तर गाण्याची मास्तरीण. त्याच्या आईने फोनवर गायला सांगितलं तेव्हा काय भंबेरी उडाली ते विचारू नका.

पोरगी दर गुरुवारी यायची, सासूबाईही. काही दिवसांनी तिने नवऱ्यालाही चौदा नंबरला आणलं. त्याचंही औषध सुरू झालं. दिवस भरले, मुलगी झाली. सुरुवातीचे सहा आठवडे बाळाला औषधाचे थेंब दिले. पहिल्या तपासण्या ठीक आल्या, पण शेवटचा शब्द दीड वर्षाची झाल्यावर. ते दीड वर्ष मीही मोजलं. तोवर बाळ क्लासभर रांगलं, मग चाललं, काकांच्या चिंध्या तोंडात घालून फिरलं. सासूबाईंना आजारपणाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचा हक्क सुनेचा होता आणि तिला ते जमलं नव्हतं. त्यांनीही कधी काही विचारलं नाही.

शेवटचा निकाल गुरुवारीच आला. मी कागद तीनदा वाचला. पोरगी दाराशी उभी होती, बाळ कडेवर.

"नाही," मी म्हटलं. "बाळाला नाही. आता कायमचं नाही."

ती बाळाला घेऊन बाकावर बसली. हसली, रडली, पुन्हा हसली. मीही रडले, हे लपवण्यात काय अर्थ आहे! मग तिने उठून तोंड धुतलं, केस नीट केले आणि आम्ही शिवणाच्या खोलीत गेलो.

सासूबाई मशीनवर होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा पाय थांबला. त्या बघतच राहिल्या. बाळ दुडूदुडू धावत जाऊन त्यांच्या गुडघ्याला बिलगलं. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्या केसांत तोंड खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते.

"काय झालं हो?" काकांनी घाबरून विचारलं.

"काही नाही," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "दोरा संपला."

काकांनी वाकून बघितलं. रीळ भरलेलं होतं. ड्रॉवरमधून दुसरं रीळ काढून त्यांनी मशीनवर ठेवलं.