बंदूक सिंधूताईच्या नावाची

जळगाव जामोदच्या शेतकी प्रदर्शनात यंदा रानडुकरांपासून पिकं राखणाऱ्या बंदूकवाल्यांचे फोटो लागणार होते. त्यासाठी खामगावचा फोटोवाला सहदेव आपला तिपायी कॅमेरा घेऊन सिंधूताईच्या गावात आला आणि शाळेपुढच्या लिंबाखाली त्यानं पडदा बांधला. गावात परवाने सात. सहा गड्यांचे, सातवा बौद्धपुऱ्यातल्या सिंधूताईचा. नवरा दयाराम भुसावळला रेल्वेत. सातपुड्याच्या पायथ्याचं चार एकर रान तीच राखायची.

आठ महिन्यांची बेबी कडेवर घेऊन ती पोचते, तर तिची बंदूक घेऊन दीर शंकरराव आधीच रांगेत! पुसायला म्हणून सकाळीच घेऊन गेला होता.

"वयनी, फोटोत म्या बसतो. बाईच्या हातात बंदूक पाहून लोकं हसतीन."

हसण्याचं सिंधूताईला काही नव्हतं. पण परवान्याची मुदत चैत्रात संपत होती. साऱ्या तालुक्यानं बंदूक दिराच्या हातात पाहिली, की परवानाही तिकडेच सरकणार. मग डुकरं आली की जा, उभी राहा त्याच्या दारात.

"काऊन हसतीन, भाऊजी? डुक्कर मले पाहून पयते, का तुमाले पाहून?"

"मांगच्या साली डुक्कर आलं तं शंकरराव बाभळीवर होता!" सहा बंदूकवाल्यांतला तुळशीराम ओरडला, आणि लिंबाखाली हशा पिकला.

शंकररावानं बंदूक दिली. आता सहदेव आडवा आला. त्याच्याजवळ एक काळा कोट आणि एक बांधलेला फेटा होता. फोटो भारदस्त यावा म्हणून सहाही जणांना त्यानं तेच चढवले होते.

"ताई, तुमीबी घाला. अन् लेकरू खाली द्या. हललं तं बिघडते, अन् फोटोची काच एकच उरली."

"कोट घालून म्या मचानावर बसत नाई. अन् हे लेकरू तं रोज माह्या संगंच असते."

बंदूक रिकामी असल्याची तिनं खात्री केली, दस्ता भुईला टेकवला, लुगड्याचा ओचा खोचला आणि उभी राहिली. सहदेव काळ्या कापडात शिरला. "हलू नका!" सिंधूताई हलली नाही. बेबीनं मात्र तेवढ्यात आईची नथ धरायला हात उचलला.

प्रदर्शनात मोठी गंमत झाली. तोच कोट, भुवयांपर्यंत उतरलेला तोच फेटा, तशाच झुबकेदार मिशा. तुळशीरामाची बायको पुष्पाबाई सहा फोटोंपुढून तीनदा फिरली.

"यातला माह्या घरचा कोनता वं?"

सहांतल्याच खुद्द हिंमतराव पाटलांनी आपला म्हणून भलत्याच फोटोवर बोट ठेवलं.

सातव्यापुढं बायांची गर्दी. बेबीला चार हात आलेले, तोंडाचा नुसता धूर; आणि त्या धुरामागं सिंधूताई, जशी बांधावर दिसते तशी. परवान्याच्या कचेरीतले एक साहेब थबकले. शेजारी शंकरराव उभा होता.

"ही कोण? बंदूक हिचीच?"

शंकरराव जरा घुटमळला. मग त्यानं छाती काढली. "आमची वयनी हाय, साहेब. बंदूक तिचीच. नेम असा, का तालुक्यात जोड नाई!"

मागं उभ्या सिंधूताईनं हे ऐकलं. प्रदर्शनाला येताना बसमध्ये सारी वाट तिनं दिराशी करायचं भांडण जुळवत आणलं होतं. आता त्याचं काय करायचं, तिला कळेना.

"भाऊजी," ती म्हणाली, "चहा घेता का?"