उंबऱ्यावरचा 'कम बॅक'

मी 'कम बॅक' बोलतोय. तसे आम्ही दोन शब्द, पण संसार एकत्र. जन्म इंग्लंडचा, मुक्काम नायगावात, वाजिद सरांच्या स्पोकन इंग्लिश क्लासच्या भिंतीवर. अर्थ, परत येणे.

गेलेलं माणूस परत येणार असलं की मला वापरावं, एवढीच माझी नोकरी. पण इथं मला विजेसाठीच राबवतात. लाइट गेली की अख्खा क्लास ओरडतो, "लाइट विल कम बॅक!" ती आल्यावर मला कुणी विचारत नाही. वाईट वाटायचं, मग सवय झाली.

तेवढ्यात क्लासला तनुजा आली. नर्सिंग शिकलेली, मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागलेली. घरी एकटी माय, विठाबाई.

वाजिद सरांनी विचारलं, "घरून निघताना काय म्हणशील?"

"आय ॲम कमिंग."

"कमिंग नाही बेटा, गोइंग. तू जायलीस ना?"

तनुजा हळूच म्हणाली, "सर, कायबी म्हणायला लावा. पण उंबऱ्यात 'जाते' म्हणणार न्हाई. आमचे वडील तसं म्हणून निघाले, ते वापस आलेच न्हाईत."

सरांच्या घरीही निघताना कुणी 'जाता हूँ' म्हणत नाही. त्यांनी फळ्यावरचं 'गोइंग' पुसलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "मग हे घे. आय विल कम बॅक."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माणसासाठी बोलावणं आलं. मला भरून आलं. भिंतीवरच्या शब्दानं रडू नये, म्हणून आवरलं.

निघायच्या दिवशी तनुजानं उंबऱ्यात उभं राहून मला उच्चारलं. विठाबाईंनी संशयानं पाहिलं. "म्हंजे काय गं?"

"'येते' म्हणाले, माय."

"मग हरकत न्हाई," म्हणत विठाबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं.

याला दोन दिवाळ्या झाल्या. तनुजाची सुट्टी दर वेळी पुढे ढकलली जाते. विठाबाईंनी मला पाठ केलंय. व्हिडिओ कॉल संपताना त्या फोन तोंडाजवळ धरून म्हणतात, "कम बॅक, बाई." तनुजा हसते, हो म्हणते, फोन बंद होतो. विठाबाई तरी फोनकडे बघत बसतात, आणि मी त्यांच्या ओठांवर.

तनुजा, माझा अर्थ मला पाठ आहे. तो खरा करणं मात्र माझ्या हातात नाही. लाइटसुद्धा येते गं. तू ये.