कामावरचे मासे

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिकेतर्फे मी काकूंच्या टाकीत दहा गप्पी मासे सोडले होते. आज तिसऱ्या तपासणीतही अळ्या सापडल्या, तर साहेब माझी रजा रद्द करणार होते. सापडल्याच. मासे मात्र गरगरीत झाले होते.

"काकू, यांना काही खायला घालता का?"

"दोन वेळा बिस्किटं."

"अहो, ते कामावर आहेत! त्यांनी अळ्या खायच्यात!"

"उपाशीपोटी कामं होतात का रे? तू तरी सकाळपासून काही खाल्लंस?"

मी एक हात कपाळाला लावला आणि दुसऱ्याने बिस्कीट घेतलं. पुडा संपला तेव्हा रजेचंही काही वाटेना. टाकीत अळ्या वळवळत होत्या आणि खात्याचे आम्ही अकराही कर्मचारी नुसते बघत होतो.