दोन कॅन पाणी

"हे खेळणं कुणी मागवलं?" भावानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते कॉफीचं लहान मशीन काउंटरच्या कडेला ढकललं.

ताईनंच मागवलं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एका वेळी एक कप, दांडा हातानं दाबायचा, मागच्या टाकीत पाणी हातानं भरायचं. सोबत बिया दळायचं चांगलं यंत्र. गावातल्या एवढ्याशा कॅफेला आणखी काय हवं? अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं तिचं म्हणणं. पण भावाचा जीव दुसऱ्याच मशीनवर जडला होता. शहरातलं कुठलंसं हॉटेल बंद पडलं, त्याचं हे धूड स्वस्तात मिळत होतं. नळाला जोडायचं, बटण दाबायचं, की एस्प्रेसो कपात.

"ह्याला माणूस लागतच नाही," भावजय म्हणाली. म्हणताना तिनं ताईकडे पाहिलं नाही, म्हणजे ते ताईलाच होतं.

वडील गेल्यापासून हा काउंटर ताईनं सांभाळला होता. लग्न राहिलं, गुडघे गेले, काउंटर तेवढा उरला. भाऊ उन्हं वर आल्यावर केस चापूनचोपून यायचा आणि गल्ल्यावर बसायचा. किटली आतून कशी दिसते, हे महाराजांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बटणाला कसली आलीय हाताची चव!" ताई म्हणाली.

"चव, चव! चवीनं पोट भरतं का? तू एक कप काढेस्तोवर दारातली बस निघून जाते."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तिला झोंबलं.

दोन्ही मशीनं विकायला आलेला मशीनवाला मधे पडला. "पाणी कसं आहे इथलं? क्षाराचं असेल तर ह्या मोठ्याला फिल्टर लागेल, त्याचा खर्च वेगळा. नाहीतर आतल्या नळ्या बुजतात."

"पाणी? एक नंबर!" भाऊ म्हणाला. "आत्ता कॉफी प्यायलात ना? त्याच पाण्याची."

मशीनवाल्यानं उरलेला घोट चाखून मान डोलावली. "खरंच गोड आहे. मग वाचला खर्च."

ताईच्या हातातला फडका थांबला. ते पाणी नळाचं नव्हतं. नळाला बोअरचं पाणी, नुसता चुना. त्यानं किटलीचं बूड पांढरं व्हायचं, म्हणून वडील टेकडीमागच्या झऱ्याचं आणत. त्यांच्यामागं ती आणायची, रोज दोन कॅन, भाऊ अंथरुणात घोरत असताना. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता मात्र सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं.

"वन्सं, तुम्ही आता आराम करा हो," भावजय म्हणाली. "फारच कंटाळा आला तर या दुपारच्या, कपबश्या धुवायला."

भाऊ हसला. फार नाही, नाकातल्या नाकात. पण हसला.

ताईनं तोंड मिटलं. मरा मेल्यांनो, ती मनात म्हणाली. घ्या ते धूड आणि जोडा नळाला.

तिनं किल्ली काउंटरवर टाकली आणि घर गाठलं.

सुरुवातीला मशीन झकास चाललं. काही महिन्यांनी धार बारीक झाली, मग नुसती वाफ, मग एके दिवशी आत काहीतरी फुटलं. असेल नसेल ते भावानं त्या धुडात घातलं होतं. दुरुस्तीला दमडी उरली नव्हती.

तो ताईच्या दारात आला तो ओरडतच. हातात नळीचा तुकडा, आतून पांढराफटक.

"तुला माहीत होतं!"

"होतं."

"मग दातखीळ बसली होती का?"

"कपबश्या धुणाऱ्या बाईला कोण विचारतं पाण्याचं?"

"वडिलांचं दुकान होतं गं ते!"

"माझं नव्हतं?"

त्यानं नळी अंगणात भिरकावली. पुन्हा तोंड बघणार नाही, म्हणाला आणि गेला. कॅफेला कुलूप लागलं.

आपल्याला बरं वाटेल, असं ताईला वाटलं होतं. एक दिवस वाटलंही. दुसऱ्या पहाटे तिचा डोळा आपोआप उघडला. तिनं कॅन घेतले, झऱ्यावर गेली, आणि भरलेले कॅन घेऊन कॅफेच्या पायरीवर येऊन बसली. तिच्याकडे किल्लीही नव्हती.

पहिली बस थांबली. ड्रायव्हर हात चोळत आला. "अरे वा, ताई! आलात परत? एक कॉफी." मग त्याला कुलूप दिसलं.

"पाणी आहे," ताई म्हणाली.

त्यानं ओंजळ पुढे केली. पोटभर प्यायला, तोंड पुसलं आणि बसकडे वळला. उरलेल्या पाण्यानं ताई पायरी धुवायला लागली.