जन्मगावाचा रकाना

वाळूजच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होत, निदान पाटीवर तरी तसंच लिहिलं होतं. कामगारांना विचाराल तर कारखाना चालायचा तो कँटीनच्या आचाऱ्याच्या, मोतीराम अधिकारीच्या येसर आमटीवर. गुरुवारी येसर असली की रजेचे अर्ज कमी येतात, हे रत्नमालानं हजेरीपटावरून ताडून पाहिलं होतं. ती तिथं एचआरमध्ये कामाला होती, आणि माणसापेक्षा हजेरीपट खरं बोलतो असा तिचा नऊ वर्षांचा अनुभव होता.

त्या आठवड्यात मात्र हजेरीकडे बघायला तिला सवड नव्हती. परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक कंपनीला मिळायच्या बेतात होतं आणि सोमवारी त्यांचे तपासनीस येणार होते. माल कसा बनतो ते त्यांना बघायचं होतंच, पण इथल्या चारशे बारा माणसांपैकी प्रत्येकाला इथं काम करायचा कायदेशीर हक्क आहे की नाही, हेही बघायचं होतं. राष्ट्रीयत्व, जन्मगाव, त्याचा पुरावा. माणूस परदेशी असेल तर व्हिसा, आणि व्हिसा नसेल तर नोकरी बंद. शनिवार संध्याकाळपर्यंत यादी पुरी करून खाली रत्नमालानं सही करायची होती.

मग काय, तिच्या टेबलावर कागदांची जत्राच भरली. फुलंब्रीहून रोज येणाऱ्या कडुबानं जन्माचा पुरावा म्हणून स्वतःची लग्नपत्रिका आणली. निम्मा कारखाना एक जूनला जन्मलेला निघाला, कारण पोराला शाळेत घालताना गुरुजींनी विचार न करता तीच तारीख टाकलेली. हे परदेशी माणसाला समजावायचं कसं, या विचारानं तिला एकटीला हसू यायचं. तरी बुधवारपर्यंत चारशे अकरा नावं पुरी झाली. एकच ओळ रिकामी होती, आणि ती मोतीरामची.

त्याची फाइल जुनी, बावीस वर्षांपूर्वीची. भरतीचा अर्ज तेव्हाच्या कारकुनानं आपल्या हातानं भरलेला. राष्ट्रीयत्व, भारतीय. जन्मगावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. पुढं कंपनीत शिबिर लागलं तेव्हाचं आधार कार्ड होतं, पॅन होतं, पीएफचा नंबर होता. शाळेचा दाखला नाही, मतदार ओळखपत्र नाही.

बुधवारी दुपारी मोतीराम स्वतःच आला. चार घड्या घातलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला. रत्नमालानं तो उलगडला तर राजीनामा. अक्षर त्याच्या दहावीतल्या पोरीचं, श्रेयाचं. ‘घरगुती कारणामुळे’ या शब्दांखाली तिनं पट्टीनं रेघसुद्धा ओढली होती.

"अहो भाऊ, राजीनामा कुणी मागितलाय? जन्मगावाचा पुरावा द्या. काय पुरावा आहे तुमच्याकडं?"

बोलून झालं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. हाच सूर तिनं आधी ऐकला होता. ती अठराची असताना, जात पडताळणीच्या कार्यालयात, एका खिडकीमागून. तिचे वडील, संघपाल, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पोरीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आजोबांच्या जातीचा पन्नास सालाआधीचा कागद हवा होता. जी जात आजोबांनी छप्पन्न साली भर उन्हात सोडून दिली, तिचाच पुरावा आणा! खिडकीतला माणूस वर न बघता म्हणायचा, "पुरावा काय?" संघपालांनी गावच्या शाळेत अकरा चकरा मारल्या. अखेर निजामाच्या काळातलं दाखल-खारीज रजिस्टर सापडलं, तर ते उर्दूत. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी, चष्मा पुसून पुसून, ओळीवर बोट ठेवून आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा संघपाल शाळेच्या ओसरीवर बसून रडले होते. बापाला रडताना रत्नमालानं तेवढंच एकदा पाहिलं.

"जाऊ द्या ना ताई," मोतीराम म्हणाला, आणि गेला.

तिचे साहेब, राजेंद्र, कागद बघून खूश झाले. "स्वतःहून चाललाय ना? घे मग. सुंठेवाचून खोकला गेला."

रत्नमालाला हा खोकला वाटेना. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस असा चार घड्यांत निघून जातो? दुपारी तीनला, भांडी घासून पडवीत पालथी पडली होती तेव्हा, ती कँटीनच्या स्वयंपाकघरात गेली. मोतीराम बटाटे निवडत होता.

"ताई, मी इथला नाय."

"इथले म्हणजे? गंगापूरचे ना तुम्ही?"

"गंगापूरची सरूबाई, माझी बायको. मी नेपाळचा."

रत्नमाला आधी हसलीच. ‘मी नेपाळचा’ हे शब्द त्यानं इतक्या अस्सल गंगापुरी हेलात म्हटले होते, की गोदाकाठचा ऊसवाला बोलतोय असं वाटावं. मग तिनं त्याचा चेहरा बघितला आणि तिचं हसू विरलं.

"भरतीच्या दिवशी क्लार्कनं आडनाव इचारलं. अधिकारी म्हणलं. आपल्या इकडं बी अधिकारी असत्यातच की. त्यानं लिहून टाकलं, भारतीय. मला कुणी इचारलं नाय, अन् मी सांगितलं नाय." त्यानं एक नासका बटाटा बाजूला टाकला. "पण खोटी सही कुठंच केली नाय, ताई. मतदान कार्डवाला तीनदा दारात आला, तीनदा माघारी धाडला. मतदानाच्या दिवशी सगळे बोटाची शाई दावीत हिंडत्यात, तर मी दिसभर कणकीतून हात काढीत नाय."

"आणि व्हिसा?"

"सनौलीच्या सरहद्दीवरल्या नाक्यावरनं चालत आलो. व्हिसा कसा असतो ते बी मी बघितलं नाय. एक जण तवा म्हणला होता, नेपाळ्याला वाचमनकी चालती, पण पीएफ कापणाऱ्या कंपनीत चालत नाय. मग कुणाला इचारायचं? इचारलं म्हंजी सांगितल्यासारखंच झालं."

रत्नमाला वर आली ती पाय ओढत. नियम समोर होता आणि पेन हातात. त्या ओळीपुढं ‘अपात्र’ लिहिलं की काम संपलं असतं, आणि सोमवारी तपासनिसांनी तिची पाठही थोपटली असती. पण खिडकीमागून ‘पुरावा काय’ म्हणणारी बाई आपल्याला व्हायचं नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं. तिनं पेन खाली ठेवलं.

गुरुवारी सकाळी तिनं पोलीस आयुक्तालयात, परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या शाखेत फोन लावला. पलीकडचा हवालदार चहा पीत असावा.

"नेपाळचा हाय? मग व्हिसा कशाला लागतो मॅडम? लई जुना करार हाय दोन्ही देशांचा. ऱ्हावा, कमवा, पीएफ कापा. फकस्त तो नेपाळचाच हाय, एवढा कागद पायजे. नागरिकता म्हणत्यात तिकडं."

"एवढंच?"

"एवढंच. का, कुणी काय म्हणालं का?"

तिनं तेच नियमांतही शोधून दोनदा वाचलं, छापून घेतलं आणि जवळजवळ पळतच खाली गेली. मोतीराम येसर ढवळत होता. तिनं सांगितलं तसा त्याचा हात थांबला. तो कागद हातात घेऊन बटाट्याच्या पोत्यावर बसला.

"म्हंजी बावीस वर्सं मी उगाच भ्यालो व्हय?"

रत्नमालाला त्याचा राग आला, कीव आली, आणि त्याला न विचारताच लिहून मोकळ्या झालेल्या त्या कारकुनाचा तर फारच राग आला. "आता भिऊ नका. नागरिकता तेवढी आणा," ती म्हणाली.

"ती घरी ऱ्हायली."

"मग मागवून घ्या."

आमटी लागायला आली तशी मोतीरामनं उठून गॅस बारीक केला. मग पाठमोराच बोलू लागला. गुल्मी जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. तेव्हा तिकडं लढाई चालू होती. जवान पोरांना बंडवाले उचलायचे, नाहीतर फौजवाले. तो अठरा वर्षांचा. आईनं भाजलेला मका फडक्यात बांधून दिला, ढकलून घराबाहेर काढलं आणि म्हणाली, मी बोलवीन तेव्हाच ये. पुढं गावचा फोन तुटला, याचा पत्ता बदलत गेला. चार वर्षांनी पुण्याला एका लग्नात गावाकडचा एक आचारी भेटला, त्यानं सांगितलं की बाप पहिल्याच वर्षी गेला.

"मी थोरला. बापाला आग द्यायला नव्हतो, ताई. तेरा दिवस पाळले नाय. त्या आईला आता काय म्हणून फोन करू? माझा कागद दे म्हणून?"

"हो," रत्नमाला म्हणाली, जरा मोठ्यानंच. "तसंच म्हणा. माझा बाप एका नावासाठी अकरा वेळा गावाला गेला. तुम्हाला एक फोन करायचाय."

"माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"मग मी करते."

मान वर न करताच त्यानं गाव, वॉर्ड आणि बापाचं नाव बटाट्याच्या पावतीमागं नीट लिहून दिलं.

शुक्रवारी सकाळी तिथल्या वॉर्ड कार्यालयाचा नंबर सापडायला तासभर गेला, फोन लागायला आणखी अर्धा. उचलणाऱ्यानं पूर्वी लुधियानात काम केलेलं, त्यामुळं हिंदी चांगलं होतं. रत्नमालानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं.

"कौन मोतीराम?" तो माणूस हळूच म्हणाला. "वो ज़िंदा है?"

मग त्यानं सांगितलं ते ऐकताना रत्नमालानं केबिनचं दार लावून घेतलं. लढाई संपल्यावर सरकारनं बेपत्ता माणसांची यादी केली होती. ज्यांची पोरं परत आली नाहीत त्यांनी नावं दिली, त्यांना थोडी मदतही मिळाली. मोतीरामच्या आईकडं गावातले लोक, वॉर्डाचे लोक कितीदा गेले, की तुझ्याही पोराचं नाव घाल. म्हातारीनं अंगठा दिला नाही. दर वेळी एकच सांगायची, खोया नहीं है, मैंने भेजा है.

"नागरिकता उसी के पास होगी," तो म्हणाला. "मैं ख़ुद जाता हूँ. ऊपर चढ़ने में एक घंटा लगेगा."

दुपारी दोनला रत्नमालाच्या मोबाइलवर फोटो आला. पिवळट कागद, घड्यांवर झिजलेला, पण एकही अक्षर गेलेलं नाही. कोपऱ्यात सोळा वर्षांचा पोरगा, तेल लावून बसवलेले केस, दोन्ही कान बाहेर आलेले. येसर वाढणारा माणूस या चेहऱ्यात शोधायला तिला क्षणभर लागला. मग डोळे पुसून तिनं ओळ भरायला घेतली. राष्ट्रीयत्व, नेपाळ. व्हिसा, आवश्यक नाही, नियमाची प्रत सोबत जोडली आहे. जन्मगावाच्या रकान्यात तिनं गावाचं नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

राजेंद्रसाहेब कुरकुरले. "बावीस वर्षं भारतीय लिहिलंय त्याचं काय? तपासनीस विचारतील."

"विचारू देत. आपल्या कारकुनानं न विचारता लिहिलं, चूक आपली आहे, असं लिहून देते. आयुक्तालयातही कळवते. लपवलं तर अडकू, सांगितलं तर काय होणार आहे?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, फोटोतल्या कानांकडं पाहिलं आणि यादीवर आपलीही सही केली. राजीनामा मात्र तिनं साहेबांच्या हाती दिला नाही, आपल्या पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात मोबाइल वाजू लागला. फोटो आला होता तोच नंबर, आणि व्हिडिओ कॉल. रत्नमाला जिना उतरून शेडच्या कडेकडेनं पळाली. हातात फोन धरून ऑफिसातली मॅडम पळतेय म्हणून फोर्कलिफ्टवाल्यानं गाडी थांबवली. मोतीराम संध्याकाळच्या पाळीची कणीक मळत होता. त्याच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिनंच फोन त्याच्यासमोर धरला.

पडद्यावर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग एक पत्र्याचं छप्पर, मग कुणीतरी फोन सरळ केला. सुरकुतलेली, बारीकशी म्हातारी. ती फोनच्या फार जवळ आली होती, त्यामुळं तिचे फक्त डोळे आणि नाकातली फुली दिसत होती. मोतीराम कणकीचे हात तसेच धरून पुढं वाकला. बापाचं, तेरा दिवसांचं, बावीस वर्षांचं जे काही त्यानं मनात रचून ठेवलं असेल, ते सगळं तिथंच राहिलं.

म्हातारीनं काही विचारलं नाही. कुठं होतास नाही, का आला नाहीस नाही. ती लेकाला नीट न्याहाळत राहिली आणि मग म्हणाली, "भात खाइस्?"

"व्हय आई," मोतीराम मान हलवून म्हणाला, "जेवलो."

बोलला आणि गोंधळला. आपल्या तोंडून मराठी आलं हे त्याच्या ध्यानात आलं. आईची बोली शोधायला त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले, पण ती बोली इतक्या लवकर हाती लागेना, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळून परातीतल्या पिठात पडलं.

पण म्हातारीला तेवढं पुरलं होतं. तिनं मागं वळून, अंगणात कोण कोण गोळा झालं होतं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "खाएछ! खाएछ!" जेवलाय हो, जेवलाय.