डावं चाक नऊ नंबरवर

गाडीची कल्पना हिची. दोघंही रिटायर झालो आणि दुपारी घर खायला उठू लागलं, तेव्हा ही बाजारातून एक खोका घेऊन आली. आत दोन मोटरी, चाकं, बोटभर लांबीच्या वायरी आणि एक हिरवा बोर्ड.

"तुम्ही जन्मभर मोटरी गुंडाळल्या, मी जन्मभर टाइप केलं," ही म्हणाली. "आता दोघांचं मिळून काहीतरी एक होऊ दे."

पंपांच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देणं हा माझा धंदा. ही कचेरीत टायपिस्ट होती. प्रोग्राम लिहायला ती साठीनंतर पुस्तकावरून शिकली. पहिल्याच दिवशी आमची वाटणी झाली. वायरी माझ्या, प्रोग्राम तिचा. तिने पकडीला हात लावायचा नाही आणि मी कीबोर्डला. संसारही आम्ही असाच केला होता.

महिन्याभरात गाडी खोलीभर धावू लागली. कपाटावर आपटायची, खुर्चीवर आपटायची. हिने तिचं नाव ठेवलं वेंधळी. मग वेंधळीला दिसावं म्हणून आम्ही पुढे दोन डोळे बसवले आणि डोळ्यांखाली मान. मान म्हणजे सर्वो, सांगितलं तेवढंच वळणारी छोटी मोटर. हिने प्रोग्राममध्ये मानेच्या ओळी घातल्या. मान झकास वळली, पण गाडी सरळ जायची बंद झाली. डावं चाक जागचं हलेना, उजवं फिरायचं, आणि वेंधळी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल.

मी मोटर बदलली. मानेला वेगळी बॅटरी दिली. शेवटी मानेची वायरच उपसून ठेवली, तरी गाडी गोलच फिरली.

"बघ," मी म्हणालो, "मान जोडलेलीच नाही, तरी हेच. म्हणजे दोष वायरीत नाही. तुझ्या लिखाणात आहे."

"ओळ न् ओळ तपासली हो मी."

"मग परत तपास."

ती तपासत राहिली. पुढे आजारी पडली, तरी उशीवर कागद ठेवून पेन्सिलीने ओळी मोजायची. मी औषध द्यायला गेलो की म्हणायची, "सापडत नाही हो चूक." मी म्हणायचो, "सापडेल." राहू दे, असं एकदाही म्हणालो नाही. तिला जाऊन आता आठ महिने झाले आणि मला तेवढंच टोचतं. चूक खरंच तिची होती का, एवढं मला कळायला हवं होतं.

म्हणून परवा गाडी पिशवीत घालून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानाच्या बाईंना सगळं सांगितलं.

"मोटरीच्या वेगाची वायर बोर्डावर कितव्या पिनवर, म्हणजे कितव्या भोकात आहे?"

"उजवी सहावर. डावी नऊवर."

बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, नऊ आणि दहाला बोर्डाच्या आत एकच घड्याळ आहे. त्या घड्याळावर मोटरीचा वेग ठरतो. प्रोग्राममध्ये सर्वो आला की तो ते घड्याळ बळकावतो. मग सर्वो जोडा नाहीतर खिशात ठेवा. डावी पाचवर घ्या, संपलं. नऊवर लावायला सांगितलं कोणी?"

मी गाडी परत पिशवीत घातली. सांगितलं मीच होतं.

घरी येऊन लांब वायर लावली, पाचवर घेतली. मानेची उपसलेली वायरही परत जोडली. पण प्रोग्राममध्येही नऊचे पाच करायला हवे होते आणि तिथे मी कधी बोट लावलं नव्हतं. मुलीला फोन केला.

"बाबा, तुम्ही आणि कॉम्प्युटर? सूर्य कुठे उगवला आज?"

"चेष्टा नंतर कर. कुठे दाबायचं ते सांग."

तिने सांगितलं तसा मी प्रोग्राम उघडला. डाव्या चाकाची ओळ सापडली. तिच्या बाजूला हिने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. मी मोठ्याने वाचली.

"डावं चाक नऊवर. का, ते ह्यांनाच माहीत. विचारलं की चिडतात."

मुलगी खळखळून हसली. मग म्हणाली, "का लावलं होतं हो नऊवर?"

"वायर आखूड कापली गेली माझ्याकडून. पाचपर्यंत पोचेना. चाळीस वर्षं वायरी कापल्या, आणि आईला सांगायचं कसं?"

"अहो बाबा..."

"तिने विचारलं होतं. मी म्हणालो, नऊ म्हणजे नऊ."

मी नऊ खोडून पाच केला. मग हिच्या टिपेखाली एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: वायर आखूड कापली होती. चूक माझी. दहा मिनिटं गेली.

"बाबा, काय करताय एवढं? एकच आकडा बदलायचा होता."

"झालं."

मुलीने सांगितलं तसा प्रोग्राम बोर्डात चढवला, गाडी जमिनीवर ठेवून बटण दाबलं. दोन्ही चाकं फिरली. वेंधळी दारापर्यंत गेली, थांबली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"गेली का सरळ?" मुलगी फोनवरून विचारत होती.

"गेली," मी म्हणालो. "तुझ्या आईचं सगळं बरोबर होतं."